तारा नसलेलं चाक

दांडिया बाजारात, बंद पडलेल्या बँकेच्या ओट्याखाली
माझी पेटी, माझा पंप, पाण्याचं घमेलं.
पंक्चरचे वीस रुपये. हवा फुकट,
म्हणजे पंप फुकट, दम ज्याचा त्याचा.

परवा दुपारी दिघ्यांची शाल्मली आली.
टेम्पोतून तिने ती उतरवली, चादरीत गुंडाळलेली,
दवाखान्यात माणूस उतरवतात तशी.
चादर काढली,
तर शेजारचा शकराभाई हातात झारा घेऊनच उठला.

चाकं होती, पण आत काही नव्हतं.
तारा नाहीत, मधला हब नाही,
दोन मोठ्या पांढऱ्या बांगड्या,
आणि त्यांच्यातून आरपार
न्यायमंदिराकडे जाणारा रस्ता,
एक गाय, दोन रिक्षा.
चेन नाही, मडगार्ड नाही.
सीट चिमणीने बसावं एवढी.

"काका, ही दोन हजार पन्नासची आहे."
मी म्हटलं, बरं. स्टँड कुठाय?
स्टँड नव्हता.
असतील म्हणा भिंती, तेव्हाही, टेकायला.
शकराभाई म्हणाला, "आमां डबो क्यां लटकाववानो?"
ती त्याच्याकडे बघत राहिली.
चार वर्षं शिकताना हे कुणी विचारलं नसावं.

अडचण एवढीच, की ती चालत नव्हती.
सोमवारी परीक्षक येणार, अहमदाबादचे.
दहा पावलं तरी जायला हवी.
ऊन लागून बांगडीला बाक आला होता,
केसाएवढा.
चाक बिघडायला केस पुरतो.

मी हसलो नाही.
हसायचा हक्क मी ब्याऐंशी सालीच घालवून बसलोय.
तेव्हा मी हँडलला पंखा बसवला होता,
डायनमोवरचा.
मे महिना, बडोद्यातला. निघालो ऐटीत.
सायकल चालली की पंखा फिरायचा,
पण सायकल चालली की वारा असतोच.
आणि थांबून घाम फुटला की
पंखाही थांबायचा.
हे मला मांडवीच्या कमानीखाली उभं राहिल्यावर कळलं,
निथळत.
कुमुदने त्याचं एक पातं ठेवून घेतलं.
पुढे कितीतरी वर्षं ती त्याने थालीपीठ उलटायची.

तर, पेटी उघडली.
जुन्या हबांतल्या गोळ्या काढल्या,
बांगडीच्या खाचेत एकेक बसवल्या, ग्रीसमध्ये दाबून.
फट उरली तिथे ट्यूबची पट्टी.
बहुतेक प्रश्नांना माझं उत्तर ट्यूबची पट्टी.
मी पाना मागितला, तिने चुकीचा दिला,
मग बरोबर,
मग न मागता बरोबर.

दिवे लागले तेव्हा बांगडी फिरली.
आवाजच नाही.
मला तारांच्या किणकिणीची सवय,
हे मुकं फिरणं बघून
जरा भीतीच वाटली, खोटं कशाला बोलू.

ती बसली, पाय उचलले, मी मागून ढकललं.
आठ पावलं, दहा,
शकराभाईची कढई ओलांडून चौदा,
पानाच्या टपरीपाशी तिला आठवलं
की ब्रेक काढायचा राहिलाय.
टपरी मजबूत आहे. दोघी वाचल्या.
खाली सांडलेली सुपारी वेचताना
हसत होती ती, गुडघा फुटलेला असताना.

सोमवारचं ती काही बोलली नाही, मी विचारलं नाही.
बुधवारी आली, आपल्या रोजच्या सायकलवर,
मागचं चाक बसलेलं.
मी घमेल्यात ट्यूब फिरवत बुडबुडा शोधतोय,
आणि ही खाली बसून
तारांमधून बोटं घालून काहीतरी मोजतेय.

जाताना एक घंटी घेतली, साधी, पितळी.
"तिला लावीन."
मी म्हटलं, बसवणार कुठे? जागा आहे का?
"ते अजून काढायचंय, काका."

घंटीचे पैसे दिले.
पंक्चरचे राहिले.