डंक बंद असताना

सोमवारी एकतिसाव्या डब्यावर खडूनं आकडा घातला
आणि लाइट गेली.
पट्टा दोनदा हिसडला. मुसळं जिथल्या तिथं,
दोन वर टांगलेली, तीन मिरचीत रुतलेली.
घड्याळात पावणेचार.
वळीव आलाय, मी म्हटलं,
जसं काय मीच आणलाय.

मृगाचा पाऊस पन्हाळ्याकडनं येतो, वर्दी देऊन.
हा येतो कागलच्या अंगानं,
कारखान्यांचे पत्रे वाजवत,
आणि शुक्रवार पेठेतल्या गच्च्यांवर एकच पळापळ:
जुन्या नऊवारीवर वाळत पडलेली ब्याडगी,
कुणाची जवारी, कुणाचं धणं-खोबरं,
चार टोकं धरायला चौघी,
त्यातली एक नुसती वाटेनं चाललेली, कोण कुठली.

डंक चालू असताना इथं कुणी कुणाशी बोलत नाही.
बोलणार कसं?
पाच मुसळांचा आवाज, वर पत्रा तापलेला,
तोंडाला पदर, डोळ्यांतून पाणी,
शिंका मोजायच्या आणि नंबर मोजायचा.
चाळीस डिग्री म्हणे. ती सावलीतली.
मिरचीच्या आतली डिग्री वेगळी.

पण लाइट गेली की
तिखट हळूहळू खाली बसतं,
दारातून गार वारं येतं,
त्याला कुठल्यातरी मोडलेल्या फांदीच्या चिकाचा वास.
मग हौसाक्का चौगुले पोत्यावर मांडी घालून
लसणाचं माप सांगायला लागतात.
रुकय्या मुल्लाणी म्हणते, एवढा लसूण?
मसाला हाय का लसणाची चटणी?
वाद मंगळवारी सुरू झाला,
बुधवारच्या गारांत पुढं गेला
(गारा कुणीतरी झाकणात गोळा करून
पोरांना वाटल्या, तोंडं तिखट झालेली),
अजून मिटलेला नाही.

सतरा नंबरचा डबा मात्र सोमवारपासून तसाच.
झाकणावर कोरलेलं: शशिकला य. डवरी.
बारा किलो. खडा मसाला वेगळ्या पुडीत, दोऱ्यानं बांधलेला.

शुक्रवारी झाड पडलं वायरींवर.
वायरमन फोन उचलेना.
मोबाइलच्या बॅटऱ्या लावून बसलो होतो
तर भिजत एक पोरगा आला.
सतरा नंबर कुटू नका म्हणाला.
कुटायचे पैसे देतो, पण मिरची तशीच द्या.
लग्नातल्या जेवणाची होती. ताईच्या.
आता नाही लागत.

पत्र्यावर पाऊस वाजत होता म्हणून बरं.
का, असं कुणी विचारलं नाही.
हौसाक्का उठल्या, पदराची गाठ सोडली,
मला तीन किलो दे, यंदा पाहुणे फार आमच्याकडं.
त्यांच्या घरात त्या आणि एक रेडिओ.
रुकय्यानं दोन घेतली.
कुणी एक, कुणी अर्धा,
उजेडात तराजूचा काटा धरून मी.
पोराला दर आठवेना
म्हणून त्याच दोघी भांडत भांडत
दर वाढवत गेल्या.
शेवटी तळाला मूठभर उरली.
ती राहू दे म्हणाल्या,
घरात मोकळा डबा नेऊ नये.

शनिवारी नुसता गडगडाट.
रविवारी साडेतीनला ढग आले,
कागलवर येऊन थांबले.
सगळ्यांनी माना वर करून दिव्याकडं बघितलं.
पावणेचार. चार. सव्वाचार.
दिवा जळतच राहिला.
मुसळं चालत राहिली, डबे पटापट निघाले,
त्रेपन्न, आठवड्यातला सगळ्यात मोठा धंदा.
हौसाक्का माझ्याकडं बघून काहीतरी बोलल्या.
पदराआड ओठ हलले तेवढं कळलं.
मी मान हलवली, हो म्हणून.