अकरा नंबर

त्याला भरवता येत नाही.
बाटली नको, वाटी नको, चिमट्यातली अळी नको.
स्वतःच्या नाकाने शोधलेली मुंगी,
तेवढीच पोटात जाते.
पहिल्या दिवशी डॉक्टर चिलेशे बाईंनी हे सांगितलं
आणि हातात दिली काठी, पाणी, एक वही.
काम काय, मी विचारलं.
मागे चालायचं, म्हणाल्या.

सव्वीस वर्षं मी लुसाका ते लिव्हिंगस्टन बस चालवली.
सकाळी सहा पाच. मिनिटाचा फरक नाही.
माझ्यामागे सत्तर माणसं, कोंबड्या, गाद्या,
एकदा तर शवपेटी, आणि तिच्यावर बसलेला तिचा मालक.
आता माझ्यापुढे सात किलोचं खवले मांजर,
मागच्या दोन पायांवर, पुढचे पंजे छातीशी धरून,
उसने पैसे मागायला निघालेल्या माणसासारखं,
आणि मला हॉर्न नाही.

ते थांबतं. मी थांबतो.
मोपानीच्या मुळाशी पंजा खरवडतो,
जीभ जाते, ओल्या दोऱ्यासारखी,
येते, जाते.
वहीत लिहायचं: चार वाजून दहा, काळ्या मुंग्या, तीन मिनिटं.

नाव ठेवायचं नाही, असा नियम आहे.
अकरा नंबर, बस.
नावं ठेवते ती घरी चूल्वे, मला.
पगार?
नाही.
जेवण?
दुपारी न्शिमा, सोबत सुकी कापेंता.
तेवढ्यासाठी नऊ किलोमीटर सायकल?
मी बूट शोधत राहतो.

अकरा नंबर पोत्यात सापडलं.
कोळशाच्या पोत्यात, मोन्झेच्या नाक्यावर,
पोलिसांनी बसची डिकी उघडली तेव्हा.
बस माझी नव्हती. मी तेव्हा निवृत्त होतो.
कागदावरची तारीख मी दोनदा बघून घेतली.

पण सव्वीस वर्षं
माझ्याही डिकीत पोती होतीच.
चोमाला सामान उतरवताना पोऱ्या म्हणाला होता,
उस्ताद, खालचं एक पोतं हलतंय.
कोंबडी असेल, मी म्हणालो.
गाडीला बारा मिनिटं उशीर होता.
पोतं कुणी उतरवून नेलं, कुठे,
मी आरशात पाहिलंसुद्धा नाही.

दूर रस्त्यावर ट्रक घरघरला
की अकरा नंबर जागच्या जागी मुटकुळं होतं.
शेपूट डोक्यावरून ओढून घेतं,
दार लावून घ्यावं तसं.
हात लावायचा नाही. बोलायचं नाही. बसायचं.
मी बसतो.
काल पन्नास मिनिटं बसलो.
पायाला मुंग्या आल्या.
मग खऱ्या मुंग्याही आल्या,
बुटाच्या शिवणीतून वर, मोज्यापर्यंत, चावऱ्या.
हललो नाही.
ऊन मोपानीच्या बुंध्यावरून उतरून गवतात गेलं.

खवल्यांची एक फट उघडली.
आधी नाक.
मग बराच वेळ नुसतं नाक.
मग ते सगळंच सुटलं, उभं राहिलं,
वाऱ्याचा वास घेतला, माझा घेतला,
आणि वळून आलं ते सरळ माझ्या डाव्या बुटापाशी.
जीभ लेसच्या भोकांतून फिरली.
मी श्वास कुठे ठेवला होता आठवत नाही.

वहीत काय लिहायचं कळेना.
शेवटी लिहिलं:
पाच वाजून चाळीस, बूट, दोन मिनिटं.
डॉक्टरबाईंनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
अकरा नंबरला काट्यावर ठेवलं.
चाळीस ग्रॅम वाढलं होतं.

घरी सांगितलं.
चूल्वे बाजारात टोमॅटो विकते,
ग्रॅम तिला हातातच कळतात.
चाळीस? म्हणाली.
चाळीस म्हणजे सगळ्यात बारका टोमॅटो.
तो मी तोलत नाही रे,
गिऱ्हाइकाच्या पिशवीत असाच वर टाकते.

मी बूट दाराबाहेर ठेवले.
तिने ते झटकायला उचलले,
आत पाहिलं,
आणि तसेच खाली ठेवले.