काज

बोगुमिला बाईंचं बटणांचं दुकान
वूच शहरात, एका जुन्या सूतगिरणीच्या मागे,
तीन पायऱ्या खाली.
एकशे ब्याण्णव खण, प्रत्येकाच्या तोंडावर
आतलंच एक बटण दोऱ्याने टाचलेलं.
मी आलो संकेतस्थळ बनवायला.
निम्मे पैसे आगाऊ घेतलेले
आणि पान डोक्यात आधीच तयार.

चकचकीत केलं पान.
सरकती चित्रं, विकत आणलेल्या हसऱ्या बायका
(एकीच्याही अंगावर बटण नव्हतं,
हे बाईंनीच दाखवलं, महिन्याभराने).
वर सोनेरी अक्षरांत:
आमच्या विश्वात आपलं स्वागत.
विश्व उघडायला अकरा सेकंद लागत.

चारशे बारा माणसं आली.
सरासरी थांबली नऊ सेकंद.
‘भवानी झाली का?’ बाई रोज विचारत,
मी आलेख दाखवी.
त्या चष्मा कपाळावर चढवून बघत,
म्हणत, ‘छान चढलाय डोंगर.
गिऱ्हाईक कुठाय?’

मग एका गुरुवारी एक माणूस पायऱ्या उतरला.
बोलला काहीच नाही. कोट ठेवला काउंटरवर.
वरून तिसरं बटण नाही.
बाईंनीही स्वागत वगैरे केलं नाही.
रिकाम्या काजातून अंगठा फिरवला,
‘कुणाचा?’
‘वडिलांचा.’
सत्त्याहत्तरावा खण. फडक्यावर तीन बटणं.
दोन त्यांनीच परत टाकली.
‘हे जवळचं आहे. पण तेच नाही.
तेच हवं तर दोन आठवडे लागतील.’
तो स्टुलावर बसला.
चाळीस मिनिटं.
माझ्या मोजणीत हा माणूस
कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

त्या रात्री बायका काढल्या, सोनं काढलं,
विश्व पुसून टाकलं.
पांढऱ्यावर एकच ओळ ठेवली:
कुठलं बटण हरवलं?
खाली: कपड्याचा फोटो पाठवा,
शेजारी एक ग्रोशाचं नाणं ठेवा, म्हणजे माप कळेल.
किंमत तिथेच, टपालखर्च धरून.
फोन नंबर एवढा मोठा
की बाईंना चष्म्याशिवाय दिसावा.
आणि त्यांच्या हट्टाखातर, मी नको नको म्हणत असताना:
रविवारी उत्तर देत नाही. झोपते.

मी आजवर ज्याला पान म्हणत आलो
ते काज असतं बहुतेक:
चांगल्या कापडाला मुद्दाम दिलेला छेद,
कडेने घट्ट टाके,
येणाऱ्याच्या मापाचा. मोठा झाला तर
आलेलंही सुटून जातं.

श्चेचिनहून पहिला फोटो आला. अंधुक.
नाणं होतं, कपडाच नव्हता.
मग झेशूफची एक नर्स.
मग एकतीस बटणं मागणारी नवरी, लग्न शनिवारी.
मग विटोल्ड, वय सात, एका डोळ्याचं अस्वल.
त्याला बाईंनी लिहिलं (टंकलं मी, शब्द त्यांचे):
दोन्ही डोळे बदलू नकोस.
एक जुना राहू दे, म्हणजे ते तुला ओळखेल.

प्रत्येक पाकिटात एक बटण जास्त,
कागदाला टाचून, वर पेन्सिलीने: हेही हरवेल.
मी म्हणालो, त्यापेक्षा दर मंगळवारी सगळ्यांना पत्र पाठवू,
सवलतीचं, मोजके दिवस उरल्याचं.
‘वाटेने जाणाऱ्यांच्या बाह्या ओढू का मी?’
दहातली तीन माणसं परत आली.
नर्स तर उगाच आली, फोटोत सगळी बटणं शाबूत,
फक्त विचारायला, की हिवाळा कसा गेला.

हिशेब चुकता करायच्या दिवशी
बाईंनी उरलेले पैसे दोनदा मोजले,
मग माझं मनगट धरलं.
माझ्या डाव्या कफाला
पहिल्या दिवसापासून बटण नव्हतं.
त्यांना दिसलं होतं. त्या थांबल्या होत्या
मी विचारेन म्हणून.
‘जवळचं आहे,’ दातांनी दोरा तोडत म्हणाल्या,
‘तेच नाही.’