हिवाळे, कळमनुरी

बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सुमेधाचे सगळे कागद इथंच निघाले :
टीसी, परभणीची डिग्री, पप्पांच्या पेन्शनचं पासबुक,
जातीचा दाखला,
तो तिकडं कुणी मागितलाच नव्हता,
पण माय म्हणाली, असू दे फाईलीत.
नऊ सेट. मी पैसे घेईना,
तर वहीत स्वतःच लिहून गेली :
सु. हिवाळे, उधार, दोनशे सोळा.

निघायच्या रात्री मी तिच्या बॅगेत
काळ्या मसाल्याच्या डब्याखाली
मूठभर माती ठेवली, पुडी बांधून.
तिला सापडली. रागावली नाही.
"दादा, मसाला नेता येतो,
माती नाही. विमानतळावरच काढून घेतात."
आणि पोरगी शिकायला चालली होती काय,
तर मातीच.

तोत्तोरी नावाचं गाव. समुद्र, आणि काठाला वाळूचे डोंगर.
तिथल्या कार्डावर ती झाली हिवारे.
ळ त्यांच्याकडं नाहीच.
कळमनुरीचं कारामुनुरी झालं.
माय म्हणाली, बोबडे आहेत का गं सगळे?

पहिल्याच आठवड्यात तिच्या सरांनी विचारलं,
नावाचा अर्थ काय.
ती म्हणाली, थंडीचे दिवस.
सर हसले, फळ्याकडं वळले :
आमच्यात हिवारे म्हणजे वाळून पडलेली भेग.
लाकडाला पडते. रानालाही.

हे सांगताना फोनवर ती मधेच थांबली.
मला वाटलं, रेंज गेली.
"मी त्यांना आपल्या रानाचा फोटो दाखवला नव्हता रे,"
एवढंच म्हणाली.

तेव्हापासून उन्हाळाभर दर रविवारी
मी नाल्यापलीकडच्या पडीक वावरात जातो
कंपासपेटीतली पट्टी घेऊन.
रुंदी साडेचार सेंटिमीटर.
तुरीची काडी सोडली तर एकोणपन्नास खाली.
एका भेगेत पट्टीच गेली, ती अजून तिथंच आहे.
शेळ्या वळणारे मारोतीमामा म्हणाले,
"कामून मोजायलास?"
जपानला पाठवायच्यात.
"भेगा? त्यांच्याकडं नाहीत व्हय?"
म्हटलं, मामा, त्यांच्याकडं नाव आहे.
भेगा आपल्याकडं.

रात्री ती दुकानात भाताचे त्रिकोण मांडते.
आठवड्याला अठ्ठावीस तास, वर एक मिनिट नाही.
दार उघडलं की या, या, या म्हणायचं,
कुणी वळून बघत नाही.
डिसेंबरात सायकल बर्फात अडकली
तेव्हा एका आजीनं फावडं आणून दिलं
आणि नाव विचारलं.
दोघी भर बर्फात हसल्या म्हणे,
भेग आली, भेग आली.

परवा दुपारी गर्दीतच तिचा फोन.
"दादा, ळ म्हण ना. कुठलाही."
काय म्हणू?
"काहीही. आठ महिने झाले, कुणी म्हटला नाही माझ्यासमोर."
मी म्हटलं : नळ. केळ. आभाळ.
गुळाचा खडा. फळी. काजळी.
आधारची कॉपी काढायला आलेली बाई
माझ्याकडं बघायला लागली.
मी म्हटलं : मूळव्याध.
तिकडं ती खो खो हसली, मग नाक ओढलं,
मग म्हणाली, सकाळी सेमिनार आहे, ठेवते.

बाई कॉपी घेऊन निघाल्या.
मी ओरडलो, ओ ताई,
मूळ प्रत राहिली!
रोज पाच-सहा जणांची राहते ती अशीच
झाकणाखाली, काचेवर, पालथी.
लोक कॉपी नेतात आणि बसला पळतात.

वहीतले दोनशे सोळा मी अजून खोडलेले नाहीत.