आरी

वेइक्कोच्या कमरेला ती पक्कड एकोणतीस वर्षं होती.
कमरेला म्हणजे कमरेलाच. चर्चमध्ये, दवाखान्यात,
लेकीच्या लग्नात कोटाच्या आत,
चामड्याच्या म्यानात, सरदारी थाटात.
"आज काय कापायचंय?" मी विचारायचे.
"काही नाही. पण निघालंच तर?"

आणि निघायचंच काहीतरी.
पाद्रीबाबांच्या चष्म्याचा स्क्रू, ऐन प्रवचनात.
साकारीच्या पोराच्या कानात मासे धरायचा गळ रुतला,
तेव्हा यानं गळाचं टोक तोडलं, उलटा ओढून काढला,
आणि पोरगं रडायचं विसरून विचारत राहिलं,
यात अजून काय काय आहे?

यानं एकेक उघडून दाखवलं.
दोन पाती, कानस, बोटभर करवत,
कात्री, जिनं तो नाकातले केस कापायचा
आणि पुसून, तिनंच माझी लोकर.
शेवटी आरी. ती उघडताना नख तुटायचं, इतकी घट्ट.
"ही कशाला?"
"ही," तो म्हणाला, "अजून कळायची आहे."

एकदा मिनिआपोलिसच्या विमानतळावर
ती पेटीत टाका म्हणाले. यानं विमान सोडलं.
बसनं दुलुथला घरी गेला, सरोवरावरचा बर्फ बघत बसला.
मी एकटीच गेले फ्लोरिडाला, आठ दिवस.
बहीण म्हणाली, भांडलात का गं?
म्हटलं, नाही, सवत आहे.

मार्चमध्ये तो गेला.
हॉस्पिटलनं पिशवी दिली. कवळी, घड्याळ,
पट्टा, पट्ट्याला म्यान.
कात्रीची स्प्रिंग तुटलेली होती.

कंपनीला फोन केला. बाई गोड बोलत होती.
पाठवून द्या, दुरुस्त नाही झाली तर नवी देऊ.
"आणि जुनी?"
"जुनी परत येत नाही."
म्हटलं, हो,
ते कळलंय मला.

मग नुसती स्प्रिंगच मागवली. आली, पाकिटात, तांदळाच्या दाण्याएवढी.
पण ही पक्कड खोलायला दुसरी पक्कड लागते,
हे मला कुठे माहीत?
शेजारची पान्या आली, वेल्डिंग शिकते ती.
तिची आई ह्मोंग बाजारात भाजी विकते, ही खिशात अवजारं घेऊन फिरते.
तिनं सगळे सांधे सुटे करून वर्तमानपत्रावर मांडले.
केवढा मळ! लोकर, माशाचे खवले,
आमच्या जुन्या गाडीचा हिरवा रंग.
"आजी," ती म्हणाली, "सगळी काळवंडलीत.
ही एकच बघा कशी चकचकीत."

आरी.
अंगठा लावला तर लोण्यासारखी उघडली.

ती गेल्यावर मी पट्टा काढला.
दुकानातून आलेली पाच भोकं, एका मापाची.
त्यांच्या आत अजून पाच.
पहिलं वाकडं, घाईघाईत टोचलेलं.
दुसरं बरं.
पाचवं इतकं गोल, की हात बसला होता म्हणायचा.

आणि मी म्हणायचे, विजार धुऊन सैल झाली वाटतं.
तो रोज ताट रिकामं करून दाखवायचा.
कुत्रं जाड होत होतं,
आणि मी कुत्र्यालाच डॉक्टरकडे नेलं.

पान्यानं पैसे घेतले नाहीत. लोणच्यातली हेरिंग नेली, एक बरणी.
नंतर सांगत होती, आईला आवडली नाही, तिनं एकटीनंच संपवली.

आता पट्टा मी बांधते.
बाहेर पडताना, दुकानात जातानासुद्धा.
परवा फार्मसीत एका म्हातारीची औषधाची बाटली उघडून दिली.
ती म्हणाली, तुमच्याकडे हे कसं?
म्हटलं, निघालंच तर.

त्याच्या चौथ्या आणि पाचव्या भोकाच्या मधे
माझी कंबर बसते.
पट्टा ब्रेड कापायच्या फळीवर ठेवला, आरी रोवली,
अंगाचा भार टाकला.
वाकडं पडलं.
पहिलं त्याचंही वाकडंच होतं.