वाढीव भार

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी फाइल ठेवली.
दोंदेबाई, बेरोजगार भत्ता दीड हजारानं वाढवला
तर बोजा किती पडतो?
पाचच्या आत द्या, मुंबईला पाठवायचंय.

बोजा हा साहेबांचा शब्द.
कागदावर आम्ही भार लिहितो,
जरा सुसंस्कृत वाटतं.

गणित चौथीतलं.
नोंदलेले अकरा हजार चारशे सोळा
गुणिले दीड हजार, गुणिले बारा.
वीस कोटी चौपन्न लाख अठ्ठ्याऐंशी हजार.
एक्सेलला घाम फुटत नाही.
स्वल्पविराम मात्र मी बोट ठेवून मोजले.

खिडकीच्या जाळीशी हर्षल निरभवणे, आयटीआय, फिटर.
सातपूरला सात महिने, अंबडला पाच,
मग गेटवरूनच परत.
आज तिसरी खेप. मशीन त्याचा अंगठा घेत नाही.
काम नाही हे सिद्ध करायला बोट लागतं,
आणि बोटावरच्या रेषा
कामानंच खाल्ल्यात.

त्याच्यामागे इरम तांबोळी, बीएस्सी केमिस्ट्री.
भद्रकालीतून पायी येते आणि वाचलेलं भाडं वहीत लिहिते.
झेरॉक्स बारा. फोटो साठ. परीक्षेची फी हजार.
परवा म्हणाली,
मॅडम, भत्ता आला की फीमध्येच जातो,
सरकारचे पैसे फक्त माझ्याकडे पाणी प्यायला थांबतात.
हे मी कुठल्या रकान्यात टाकू?

रांगेतून कुणी तरी ओरडलं,
नोटा तर आपल्याच नाशिकरोडला छापतात,
एक गठ्ठा इकडं वळवा की!
सगळे हसले. हर्षल उशिरा हसला.
त्याचे आजोबा तिथेच होते,
दिवसभर लाखांवर हात फिरवून
संध्याकाळी झडती देऊन घरी येणारे.

साडेतीनला फाइलचं मागचं पान उलटलं.
रक्कम कुठून उभारणार, हा वित्त विभागाचा प्रश्न,
आणि खाली पेन्सिलीनं, कुणाच्या तरी सुरेख अक्षरात,
कंत्राटी मनुष्यबळात बचत.

ते लेखाशीर्ष मला पाठ आहे.
दर महिन्याला त्यातूनच मी निघते,
एजन्सीचं कमिशन वजा होऊन.
अकरा महिने, एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने.
त्या एका दिवशी मी कोण असते
याची नोंद आमच्याच ऑफिसात नाही.

म्हणजे मी वाचणार.
नाही, चुकले.
माझ्यावरचं वाचणार.

भत्त्याला वय पस्तीसच्या आत हवं.
मला ऑगस्टमध्ये छत्तीस पूर्ण झाली.

कर्सर आकड्याच्या शेवटी लुकलुकत होता.
एक शून्य. एकच.
दोनशे कोटी बघून प्रस्ताव वरच्या वर मेला असता,
आणि टायपिंगची चूक कुणाची होत नाही?
मागच्या वर्षी एका तालुक्याची लोकसंख्या
आम्ही दुप्पट केली होती,
काही झालं नाही.
चहा आला, साय धरली, तसाच परत गेला.
मी शून्य दाबलं.
ते किती हलकं असतं.

मॅडम, परत बघू का, जाळीतून हर्षल.
अंगठा, नाही. तर्जनी, नाही. मधलं बोट, नाही.
करंगळी लाव, मी म्हटलं,
ती कुठल्याच कामात पुढे येत नाही.
पँटला पुसून त्यानं करंगळी ठेवली.
हिरवा दिवा.

तो काहीच बोलला नाही,
फक्त करंगळीकडे बघत राहिला,
घरातल्या बिनकामाच्या भावाकडे बघावं तसा.

अकरा हजार चारशे सतरा.

साहेबांनी आतून विचारलं, झालं का?
पाच मिनिटं द्या साहेब, आकडा वाढलाय.
मी शून्य खोडलं,
आणि नव्यानं गुणायला बसले.
अठरा हजार जास्त.