लाल दोरा

अण्णांच्या संपर्क कार्यालयात मी सहा वर्षं संपर्कात आहे.
काम विचाराल, तर फोन उचलून म्हणायचं,
"अण्णा मीटिंगमध्ये आहेत."
अण्णा आतल्या खोलीत घोरत असले
तर जरा मोठ्यानं म्हणायचं.

त्याआधी अक्कलकोट रोडला मागावर होतो.
तिथं धागा तुटला की माग थांबायचा.
इथं काहीही तुटो, थांबत काहीच नाही.

निवडणूक लांबली
तेव्हापासून आमच्या प्रभागात वर्तमानकाळ बंद आहे बे.
अण्णा माजी. समोरचा इरेश भावी.
दोघं एकाच टपरीवर चहा पितात,
बिल मात्र चालू माणसाला,
म्हणजे मला.

फ्लेक्सचा मजकूरही माझाच.
गेल्या वाढदिवसाला 'विकासपुरुष'मधला 'वि' छपाईत गळाला.
दोन दिवस 'कासपुरुष' चौकात हात जोडून उभे.
कुणी हसलं नाही.
उलट गवळ्यांच्या गल्लीतून तिघं येऊन हार घालून गेले.

आता चादरीचं सांगतो.
सत्काराला आपल्याकडं चादरच लागते,
मोराची, प्लॅस्टिकच्या पिशवीतली.
पिशवी फाडायची नसते.
एकीच्या कोपऱ्यात, मोराच्या पायाशी,
एक लाल दोरा चुकून गेला होता.
मागावरच्या माणसाला खोट आधी दिसते, मोर नंतर.

ती चादर अण्णांनी दिली पाणीपुरवठ्याच्या साहेबांना.
साहेबांनी शाळेच्या अध्यक्षांना,
अध्यक्षांनी भावी इरेशला,
इरेशनं पतसंस्थेच्या चेअरमनला, भर माइकवरून,
मधले दोन-तीन मुक्काम मला ठाऊक नाहीत,
आणि एकसष्टीला ती परत अण्णांच्या खांद्यावर.
अण्णा पिशवीवरून हात फिरवत म्हणाले, "काय माल आहे!"
मी वहीत लिहिलं: चादर, आवक, एक.

सत्तेम्मा दर पाचव्या दिवशी येते.
विड्या वळून बोटं तंबाखूच्या रंगाची.
"लक्ष्मीपती, पाणी कधी रे?"
"पाठपुरावा चालू आहे, अम्मा."
"किती इंची आहे तुझा पाठपुरावा?"

गड्डा उठला त्या आठवड्यात निरोप आला,
पाणी रात्री तीनला.
अण्णा म्हणाले, "फोटो काढ.
आलं तर आपण आणलं,
नाही आलं तर प्रशासनानं अडवलं."

तीन वाजले. साडेतीन.
घागरींची रांग गल्लीच्या वळणापर्यंत,
आणि कार्यालयाच्या पायरीवर सत्तेम्मा,
पदर कानाला गुंडाळून, कुडकुडत.
किल्ली माझ्याकडंच असते.
मी आत गेलो, कपाट उघडलं,
पिशवी टर्रकन फाडली.
पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं.

तिनं चादर पांघरली. कोपरा चाचपला.
नवरा, सासरा, दोघंही विणकर तिचे.
"दोरा चुकलाय बघ इथं.
विणताना झोपला होता वाटतं कोण तरी."
मी काही बोललो नाही.
माग सोडला त्या महिन्यात
रात्रपाळी माझीच होती.

पावणेचारला नळ खोकला,
आणि वीस मिनिटं पाणी आलं.
फोटो काढायचा राहिला.

सकाळी दहाला अण्णांचा फोन:
"लक्ष्या, नवे साहेब येऊन बसलेत,
ती मोराची चादर कुठाय?"

मी जरा मोठ्यानं म्हणालो,
"अण्णा, चादर मीटिंगमध्ये आहे."